आधी उत्तर, मग प्रश्न

फलाटराव जाऊन दीड महिना झाला. वर्तमानपत्रात त्याच्यावर चार ओळी आल्या, त्यातल्या दोन चुकीच्या. त्याला ‘ज्येष्ठ निवेदक’ म्हटलं होतं. जिवंतपणी ज्याला कॅन्टीनमध्ये बसायला कुणी खुर्ची सरकवली नाही, तो मेल्यावर ज्येष्ठ झाला. सोबत छापलेला फोटोसुद्धा त्याचा नव्हता, बातम्या वाचणाऱ्या एका टकल्याचा होता. रेडिओवरच्या माणसाचं हे असंच. आवाज सगळ्यांना पाठ, तोंड कोणी ओळखत नाही.

मी त्याचा रेकॉर्डिस्ट. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो, अशी आमची एकवीस वर्षं गेली. टेप कापायला माझ्या खिशात कायम दाढीचं अर्धं पातं असायचं, म्हणून मला सगळे ब्लेड म्हणत. अजूनही म्हणतात, जे उरलेत ते. फलाटरावाबद्दल मी प्रेमापोटी लिहितोय असं कुणाला वाटेल. प्रेम होतंच. पण हातात पेन धरायला लावलंय ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

फलाटराव हे नाव त्याला बसस्टँडने दिलं. वडील बसवर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर खात्याने एकोणीस वर्षांच्या पोराला स्टँडवरच्या काचेच्या खोक्यात बसवलं आणि हातात माइक दिला. दिवसभर गाड्यांची नावं सांगायची, एवढंच काम. पण याला एवढ्यावर समाधान कुठलं! ‘फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल. निळ्या पिशवीवाले आजोबा, सावकाश चढा, गाडी तुम्हाला टाकून जात नाही.’ असं बोलायचा. लोक हसायचे, पण ऐकायचे. एकदा रेडिओ स्टेशनचे एक साहेब तिथे दोन तास उशिरा येणाऱ्या बसची वाट बघत अडकले. बस आली नाही, साहेब मात्र याला घेऊन गेले.

रेडिओवर पहिल्याच आठवड्यात त्याने माती खाल्ली. थेट प्रक्षेपणात, सगळ्या गावाच्या कानांदेखत, तो म्हणाला, ‘यानंतरचं गाणं फलाट क्रमांक दोनवर...’ आणि थांबला. काचेमागे आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवसापासून तो फलाटराव. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते फक्त कारकुनाला ठाऊक.

घरी त्याला एक बहीण. बारा वर्षांनी लहान. आई आधीच गेली होती, वडील गेले तेव्हा ही सात वर्षांची. तिला आम्ही सगळेच धाकटी म्हणत असू. हा सकाळी तिची वेणी घालायचा, ती एका कानाकडे कललेली असायची. शाळेत बाई हसल्या म्हणून ती रडत आली, तर याने स्टेशनवरच्या टायपिस्टकडून वेणी घालायला शिकून घेतलं, टेपच्या तीन तुकड्यांवर. मी ते डोळ्यांनी बघितलंय. बाप, आई आणि भाऊ अशी तिन्ही कामं एकट्याने करायची, आणि वर आठच्या ठोक्याला माइकसमोर प्रसन्न आवाज काढायचा.

धाकटीचा गळा चांगला होता. चांगला म्हणजे काय ते मी सांगू शकतो, कारण माझे कान त्याचाच पगार खात होते. नऊ वर्षांची असताना फलाटराव तिला गाण्याच्या बाईंकडे घेऊन गेला. बाई शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत राहायच्या. एके काळी त्यांच्या गाण्याला लोक उभ्याने गर्दी करत. पस्तिसाव्या वर्षी, ऐन भरात, त्यांनी स्टेज सोडलं आणि शिकवणी धरली. का, ते कुणाला सांगितलं नाही. तोंडाने फटकळ. ‘तुझा भाऊ बोलतो बरा, पण तू बोलू नकोस, गा,’ हे त्यांचं धाकटीशी पहिलं वाक्य. धाकटी पंधरा वर्षं त्या खोलीत गायली.

या पंधरा वर्षांत फलाटरावाने रेडिओवर काय केलं नाही ते विचारा. हरवलेल्या माणसांची वर्णनं वाचली. पाण्याची पातळी सांगितली. मुलांच्या कार्यक्रमात म्हातारं अस्वल झाला. सकाळची गाणी लावली, आणि गाणं लावताना असं काही एक वाक्य बोलायचा की, बायको पोळी तव्यावर विसरते अशी तक्रार एकाने पत्राने कळवली होती. पण त्याचा खरा हात होता मुलाखतीत. समोरचा माणूस कुलूप लावून आलेला असला तरी हा कुठली किल्ली फिरवायचा देव जाणे. न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे त्याच्यापुढे बोलले.

आता आमची पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलंय. बाहेर रेकॉर्डिंगला जाताना आमच्याकडे धड चालणारा माइक एकच. तो पाहुण्याच्या तोंडाशी धरायचा. फलाटरावाचे प्रश्न त्या टेपवर लांबून, विहिरीतून आल्यासारखे यायचे. म्हणून आम्ही परत आलो की तो रिकाम्या स्टुडिओत बसायचा आणि प्रश्न पुन्हा म्हणायचा, समोर कोणी नसताना, मान डोलावत, हसत. ते मी उत्तरांच्या आधी जोडायचो. म्हणजे श्रोत्यांना वाटायचं प्रश्न आधी. आमच्याकडे उत्तर आधी, मग प्रश्न. नंतर भरलेला प्रश्न आटोपशीर असायचा, वेळ वाचायचा. उत्तराला धक्का लावायचा नाही एवढं आम्ही पाळत होतो. त्यामुळे आपण काही गैर करतोय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

धाकटी चोवीस वर्षांची झाली तेव्हा तिचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. बाईंनीच ठरवला. बाई तोवर थकल्या होत्या, जिना उतरत नव्हत्या. फलाटराव म्हणाला, ‘ब्लेड, बाईंची मुलाखत करून ठेवू. कार्यक्रमाच्या आठवड्यात लावू.’ आम्ही मशिन घेऊन दुपारी गेलो. खालच्या दुरुस्तीवाल्याला तासभर खडखड बंद ठेवायची विनंती केली. तो म्हणाला, ‘रेडिओवर दुकानाचं नाव घ्याल तर ठेवतो.’ नाव घेतलं नाही, तरी त्याने बंद ठेवली.

बाई खिडकीशी बसल्या होत्या, गुडघ्यांवर घोंगडी. धाकटी कामाला गेलेली, चष्म्याच्या दुकानात. फलाटरावाने बऱ्याच वेळाने, वळणं घेत घेत विचारलं, ‘बाई, तुम्ही ऐन भरात स्टेज सोडलंत. लोक अजून हळहळतात. नंतर या खोलीत इतक्या मुली शिकल्या, शेवटी आमची धाकटी आली, ते सगळं आहेच. पण ते स्टेज सोडणं, ते चुकलं असं कधी वाटतं का?’

बाईंनी गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाल्या, ‘रोज वाटतं. चूकच झाली ती. नव्हतं करायला पाहिजे. वर्षं गेली, हाताला काय लागलं? काही नाही.’

हे असं होतं. मी हेडफोन लावून ऐकलंय. दोघांखेरीज तिसरा माणूस त्या खोलीत मीच.

मुलाखत संपली, मी बटण दाबायला हात नेला, तर बाईंनी बोट उचलून मला थांबवलं. ‘तुझ्या बहिणीला सांग, त्या दिवशी घाबरायचं नाही. तिचा वरचा सूर माझ्यापेक्षा चांगला लागतो. मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, चढून बसेल म्हणून.’

जिना उतरताना फलाटरावाचे डोळे भरले होते. मी म्हटलं, ‘संध्याकाळी घरी जाऊन सांग पोरीला.’ तो म्हणाला, ‘वेडा आहेस का? मी सांगितलं तर भावाने सांगितल्यासारखं होईल. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिला बाईंच्याच आवाजात ऐकवतो. रीळ जपून ठेव.’ रेडिओचा माणूस! सरळ तोंडाने सांगण्यासारखी गोष्ट, पण याला ती टेपवरूनच ऐकवायची होती. मीही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी त्याने प्रश्न भरले. स्टेज सोडण्याची हकीकत त्याने निवेदनात घातली, पन्नासएक सेकंदांची, छान. तिच्यानंतर दोन वाक्यं, ‘तीस वर्षं बाईंनी या खोलीत शिकवलं. त्यांची शेवटची शिष्या म्हणजे माझी धाकटी बहीण.’ आणि प्रश्न एवढासाच, ‘कधी वाटतं का बाई, चुकलं?’ सगळं व्यवस्थित होतं. साहेबांनी ऐकलं, सही केली, टेप कपाटात गेली.

नवव्या दिवशी बाई गेल्या.

साहेबांनी सांगितलं, मुलाखत आजच संध्याकाळी लावा, श्रद्धांजली म्हणून, बातम्यांच्या आधी. फलाटराव बाईंच्या घरी, माणसं गोळा करण्यात. सहाला दहा कमी असताना वरून एक शोकसंदेश आला, तोही आधी वाचायचा. मी घड्याळ लावून बघितलं, पन्नास सेकंद जास्त. बातम्या तर देव आला तरी थांबत नाहीत. मी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात फोन लावून फलाटरावाला बोलावून घेतलं. मागे रडारड ऐकू येत होती. ‘पन्नास सेकंद काढायचेत,’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘काढ कुठूनही, तुझ्या हातावर माझा भरवसा आहे.’

नियम असा होता की सही झालेल्या मुलाखतीला साहेबांना विचारल्याशिवाय पातं लावायचं नाही. साहेब जाग्यावर नव्हते. उत्तरांना हात लावायचा नाही, मग निवेदनच कापायचं. मी स्टेजची हकीकत काढली. जोड इतका सफाईदार झाला की माझा मलाच अभिमान वाटला. लावून बघितलं. मला ते बरोबरच वाटलं! कारण मूळ प्रश्न माझ्या डोक्यात होता. ‘चुकलं’ म्हणजे स्टेज सोडणं, हे मला ठाऊक होतं, तेव्हा तेच ऐकू आलं. परकं कोणी शेजारी असतं तर त्याने दचकून माझ्याकडे बघितलं असतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या खोलीत त्यांच्या सगळ्या शिष्या रेडिओभोवती बसल्या होत्या. हे मला फलाटरावाने नंतर सांगितलं. रेडिओतून त्याचाच आवाज आला, ‘तीस वर्षं बाईंनी या खोलीत शिकवलं. त्यांची शेवटची शिष्या म्हणजे माझी धाकटी बहीण. कधी वाटतं का बाई, चुकलं?’ आणि बाईंचा, ‘रोज वाटतं. चूकच झाली ती. नव्हतं करायला पाहिजे. वर्षं गेली, हाताला काय लागलं? काही नाही.’

खोलीतल्या सगळ्या बायकांनी धाकटीकडे बघितलं. ती उठली, कोपऱ्यातल्या चटया गोळा करून गुंडाळून ठेवल्या, आणि खाली उतरून घरी गेली. फलाटराव मागे धावला. त्याने रस्त्यातच तिला खरा प्रश्न सांगितला, वरच्या सुराचंही सांगितलं. ती म्हणाली, ‘दादा, तू माझी समजूत घालतोयस. मी बाईंचा आवाज ऐकला.’

वाईट गोष्ट ऐकली की माणूस पुरावा मागत नाही, चांगलीला मात्र मागतो. आणि बाईंनी पंधरा वर्षांत तिला कधी बरं म्हटलं नव्हतं, तेव्हा जे ऐकलं ते तिला आधीपासून माहीत असल्यासारखंच वाटलं असणार. तिने कार्यक्रम रद्द केला. त्यानंतर ती गायली नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही, भावाचं जेवणखाण बघत राहिली. फक्त गाणं बंद. घरातला रेडिओ तिने कपाटावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटराव माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. मला वाटलं आता माझी गचांडी धरतो. धरली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, ‘चूक माझी. प्रश्न मी तोकडा केला. ते मूळ रीळ दे, तिला ऐकवतो. आणि तूही चल, तू तिथे होतास.’

आता माझं ऐका. मी तेव्हा हंगामी होतो. सोळा वर्षं हंगामी. कायम करायची फाइल त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर होती, आणि बायकोला सातवा महिना. मुलाखत लागून गेल्यावर मशिनजवळ बसून मी ती पुन्हा ऐकली होती, आणि तेव्हा, पहिल्यांदा, परक्याच्या कानांनी ऐकली. पाचावर धारण बसली. चौकशी झाली तर पहिलं मागतील ते मूळ रीळ. त्यावरून लगेच कळेल काय कापलं आणि कुणी. आमच्याकडे रिळं पुसायचं एक चुंबक होतं, तव्याएवढं. त्यावर रीळ ठेवून गोल फिरवायचं, आवाज जातो. नियमाने पंधरा दिवस ठेवायचं असतं. मी ते त्याच संध्याकाळी फिरवलं. तीन वेळा फिरवलं. बाईंचा वरचा सूर वगैरे त्यात गेलं.

आणि फलाटरावाला मी सांगितलं, ‘रीळ कालच स्टोअरला गेलं. नंबर बघावा लागेल.’ बरोबर जायचं विचारलं त्यावर म्हणालो, ‘मला नक्की शब्द आठवत नाहीत रे, रोज इतक्या मुलाखती असतात. उगाच काही तरी बोलून बसायचो.’

तो म्हणाला, ‘हो, तेही खरं.’ त्याच्या मनात संशय आला नाही. माणसाने इतकं सरळ असू नये.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पेढ्याच्या जागी फलाटरावानेच माझ्यासाठी कॅन्टीनमधून चहा मागवला.

त्यानंतर त्याने स्टोअर धुंडाळायला घेतलं. स्टोअर म्हणजे तळघरातल्या दोन खोल्या, छतापर्यंत रिळं, निम्म्यांवर चिठ्ठ्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी तो सकाळी जाऊन बसायचा, एकेक रीळ मशिनवर चढवून ऐकायचा. कुणाचं भाषण, कुणाचं गाणं, कुठल्या तरी उद्घाटनाच्या टाळ्या. मला म्हणायचा, ‘परवा जवळ आलो होतो रे, त्याच महिन्यातलं रीळ होतं.’ मी मान डोलवायचो. चार-पाच वर्षं तर मी त्याला मदतही केली. नसलेलं रीळ शोधायला मदत! ताकास तूर लागू दिली नाही मी. 

कामातही तो बदलला. नंतर प्रश्न भरायचे नाहीत, असं त्याने ठरवलं. दुसरा माइक मागितला, मिळाला नाही. मग त्याचे प्रश्न विहिरीतूनच जाऊ लागले. साहेबांनी बोलावून विचारलं, ‘हे काय गचाळ काम?’ तो म्हणाला, ‘जसं विचारलं तसं जाऊ दे साहेब.’ जाऊ दिलं नाही. त्याच्याकडून मुलाखती काढून घेतल्या आणि दुपारच्या गाण्यांवर बसवलं. पूर्वी गाण्याआधी एक वाक्य बोलणारा माणूस आता फक्त गायिकेचं नाव सांगायचा. बाईंच्या जुन्या तबकड्या आमच्याकडे होत्या, दर गुरुवारी त्यातली एक लावायचा. चष्म्याच्या दुकानात दुपारी रेडिओ चालू असतो असं कुणी तरी त्याला सांगितलं होतं. धाकटी दर गुरुवारी त्याच वेळेला जेवायला बाहेर जाते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं. मी चष्मा तिथेच करतो.

मग स्टेशनवर कॉम्प्युटर आले. स्टोअर रिकामं केलं, रिळं ट्रकमधून नेली. फलाटराव रस्त्यावर उभा राहून ट्रक भरताना बघत होता. मी त्याच्याशेजारी होतो. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तो म्हणाला, ‘ब्लेड, तू होतास म्हणून इतकी वर्षं शोधू शकलो.’ मी तोंड मिटलं.

त्यानंतर त्याची नोकरी उरली नाही. एका नव्या खासगी वाहिनीने त्याला घेतलं. तिथली पोरं त्याला काका म्हणून चिडवायची, ‘काकांचा जमाना’ असं काही तरी पाच मिनिटांचं होतं. याने जुनी आठवण सांगायची आणि मध्येच पोरांनी हसण्याचा आवाज लावायचा. वर्षभर टिकला. मग एका कंपनीने त्याचा आवाज टेलिफोनसाठी घेतला. एकदा गॅस आला नाही म्हणून मी फोन केला, तर फलाटराव! ‘आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा.’ वीस मिनिटं मी ऐकत राहिलो. शेवटी लाइनवर एक मुलगी आली, तिने विचारलं, काय तक्रार आहे. मी फोन ठेवून दिला. बायको ओरडली, गॅस चार दिवस आला नाही.

मग त्याचा घसाच गेला. गाठ निघाली, ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आणि हातात वही. मी आठवड्यातून दोनदा जायचो. धाकटी डबा घेऊन यायची, तिचेही केस पांढरे झालेले. ती वेणी अजून स्वतःच घालते, सरळ. ती पाणी आणायला बाहेर गेली की तो वहीवर लिहायचा, ‘काही कळलं?’ म्हणजे रिळाचं. कुणी तरी ट्रकमधली काही रिळं हौसेने जपून ठेवलीत असं त्याने कुठे तरी ऐकलं होतं, आणि त्या माणसाचा पत्ता मी काढायचा होता.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा तो फार थकला होता. ‘काही कळलं?’ लिहायलाही त्याला दोन दमात लिहावं लागलं. त्या वेळी मी सांगू शकलो असतो. खोलीत कोणी नव्हतं. त्याला ओरडता आलं नसतं, शिवी देता आली नसती. मी म्हणालो, ‘पत्ता लागलाय. पुढच्या आठवड्यात जाऊन येतो.’ त्याने माझा हात धरला. तीन दिवसांनी तो गेला.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा मी परवा धाकटीच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती काउंटरमागे काचा पुसत होती.

‘या ब्लेडदादा. चष्मा कललाय तुमचा.’

‘चष्म्याचं राहू दे. तुला एक सांगायचंय, धाकटे. आधी सगळं ऐकून घे.’

मी सगळं सांगितलं. बाईंना खरं काय विचारलं होतं ते शब्दन्शब्द सांगितलं. वरच्या सुराचं सांगितलं, बोट उचलून मला कसं थांबवलं तेही. मी निवेदन कापलं, माझ्यामुळे झालं, तुझ्या दादाने तुला पहिल्या दिवसापासून खरंच सांगितलं होतं. बोलता बोलता मी रडायला लागलो. म्हाताऱ्या माणसाने काउंटरला धरून रडावं, शोभत नाही, पण रडलो.

तिने काच खाली ठेवली. शांतपणे म्हणाली, ‘रीळ आहे तुमच्याकडे?’

‘नाही. मीच पुसलं. त्याच दिवशी.’

ती थोडी हसली. इतक्या मायेने हसली की मला वाटलं, सुटलो.

‘दादाने हेही सुचवून ठेवलं होतं होय? रीळ पुसलं म्हटलं की कोणी मागायला नको.’

‘अगं नाही, त्याला माहीतच नव्हतं—’

‘तुम्ही दर वेळी त्याच्याजवळ बसायचात. मी पाणी घेऊन आले की वही मिटायची. मला काय कळत नव्हतं? जाता जाता तुमच्यावर सोपवून गेला. त्याच्यासाठी तुम्ही एवढं करताय, सगळं स्वतःच्या अंगावर घेताय. फार चांगले आहात तुम्ही.’

‘धाकटे, मी शपथेवर सांगतो. मी तिथे होतो.’

‘तेव्हा तर तुम्हाला आठवत नव्हतं म्हणे. दादा तसं घरी येऊन सांगत होता.’ तिने पुन्हा काच उचलली. ‘आणि तुमची पद्धतच आहे ना ती? दादानेच मला समजावून सांगितली होती. उत्तर आधी घ्यायचं, आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न मागाहून भरायचा. तुम्ही दोघं आयुष्यभर तेच करत आलात. माझ्यासाठी आणखी एक भरलात. राग नाही हं माझा.’

 तिने हात पुढे करून माझ्या नाकावरचा चष्मा काढला, त्याची काडी बारीक पकडीत धरून वाकवली, उजेडात धरून बघितली, पुन्हा थोडी वाकवली. काचा पुसल्या. मग तो स्वतःच माझ्या कानांवर नीट बसवून दिला.

‘दादाचाही सारखा कलायचा,’ ती म्हणाली. ‘सावकाश जा. पायरी आहे.’